मखमलीवर चिखल नव्हता

१

मॅचच्या दिवशी सकाळी डग पबमधली घंटा पुसायला येतो. त्या शनिवारीही आला. खिशातून फडकं काढलं, पितळ घासायची डबी उघडली, वर बघितलं आणि फडकं हातात धरून तसाच उभा राहिला.

"मॉरीन," त्याने हाक मारली, "घंटा कुठंय?"

घंटा भिंतीवर नव्हती. ज्या लोखंडी आकड्याला ती टांगलेली असे तो आकडाही नव्हता. त्याची दोन भोकं तेवढी उरली होती.

मी आणि माझी मुलगी देवयानी त्याच्या पाठोपाठच मागच्या दाराने आत शिरलो होतो. बाहेर पश्चिमेचा कोरडा वारा सुटला होता. ऑगस्टच्या शेवटी सिडनीत हा वारा येतो आणि माणसाला एका जागी बसू देत नाही. मागचं दार सारखं आपटत होतं.

हा पब गिरावीनहून ब्लॅकटाउनकडे जाताना रेल्वेपुलाच्या अलीकडे आहे. नाव टॅनर्स आर्म्स. आमच्या भागातला फुटबॉल क्लब म्हणजे क्रीकसाइड रोव्हर्स. त्यांची माणसं मॅचच्या आधी इथे जमतात, गाणी म्हणत मैदानावर चालत जातात आणि जिंकले तर परत येऊन घंटा वाजवतात. वाजवायचा मान डगचा, सगळ्यांत जुना पाठीराखा म्हणून. दुसऱ्या कुणी दोरीला हात लावला तर त्याने सगळ्या पबला बिअर पाजायची. मी पहिल्यांदा आलो तेव्हा घंटा दिसताच सवयीने हात वर गेला होता. सिद्धार्थने बारमागून धावत येऊन माझं मनगट धरलं. "काका, देऊळ नाही हे! महागात पडेल."

सिद्धार्थ इथला मॅनेजर. पुण्याहून शिकायला आला, देवयानीबरोबर युनिव्हर्सिटीत होता, आणि ह्याच पबात ग्लास धुता धुता मॅनेजर झाला. सोमवारपासून पब त्याच्या हाती यायचा होता. मालकीण मॉरीनचे गुडघे गेले होते, म्हणून तिने तो त्याला चालवायला द्यायचं ठरवलं होतं. सिद्धार्थ आणि त्याची बायको रुचा, दोघांनी ब्लॅकटाउनचं भाड्याचं घर सोडून दिलं होतं. त्यांचं सामान पबच्या वरच्या खोल्यांत येऊन पडलं होतं.

मॉरीनने तळघरापासून माळ्यापर्यंत सगळा पब पालथा घातला. फ्रीज उघडले, कपाटं उघडली. रुचाची बांधलेली खोकीसुद्धा टेप फाडून उघडली. रुचा दाराशी उभी राहून बघत होती.

घंटा मिळाली नाही.

"आकड्यापर्यंत हात शिडीशिवाय पोचत नाही," मॉरीन खाली येऊन म्हणाली. "शिडी तळघरात. तळघराला कुलूप. किल्ली दोघांकडेच, माझ्याकडे आणि सिडकडे. आणि मी आंघोळीला गेले तेव्हा घंटा भिंतीवर होती."

सिद्धार्थ हातातलं फडकं ठेवून तिच्याकडे वळला.

"मी तुला चोर म्हणत नाहीये, लव्ह. पण घंटा जिथे असेल तो रोव्हर्सचा पब. घंटा नसलेला पब मी तुला कशाला देऊ आणि तू तो घेऊन करशील काय? माणसं मैदानावर निघायच्या आत ती भिंतीवर दिसली नाही, तर सोमवार विसर."

२

"शिडी कुणी वापरलीच नाही," देवयानी म्हणाली.

देवयानी विमा कंपनीत आहे. कुणाचं छत पडलं, नळ फुटला, घरफोडी झाली, की नुकसान बघायला तिला पाठवतात. माणूस सांगतो ते ती ऐकून घेते आणि मग भिंतीला विचारते.

घंटेच्या जागेखाली, कोपऱ्यात, एक रुंद बाक आहे. डगच्या वारलेल्या भावाच्या नावाची पितळी पट्टी त्यावर ठोकलेली आहे. बाक जमिनीला बोल्ट मारून पक्का केलेला. सिद्धार्थने त्याच आठवड्यात हौसेने त्याला गडद निळी मखमल लावून घेतली होती.

"शिडी लावणार कुठे, सांगा ना," ती म्हणाली. "बाक हलत नाही. शिडी त्याच्या पुढे ठेवावी लागणार, आणि तिथून एवढं ओणवं होऊन दोन हातांनी स्क्रू काढायचे आणि वर जड घंटा झेलायची? पडला असता. तो बाकावर उभा राहिला."

"म्हणजे किल्लीचा काही संबंध नाही?" सिद्धार्थने पटकन विचारलं.

"नाही."

त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

देवयानीने बूट काढले आणि स्वतः बाकावर चढली. चवड्यांवर उभी राहिली तेव्हा कुठे तिचं बोट खालच्या भोकाला लागलं. तिने नखाने भोक टोकरलं. इमारत जुनी, आतला गिलावा भुसभुशीत. हिरवट चुन्याची भुकटी भुरुभुरु मखमलीवर सांडली. खाली उतरून तिने ती हाताने झटकली तर निघायच्या ऐवजी जास्तच पसरली.

"सॉरी, सिद्धार्थ. तुझी नवी मखमल."

"असू दे गं."

मग ती वाकून फरशी बघू लागली. मागच्या अंगणात सांडपाण्याचा पाइप फुटला होता आणि सगळं अंगण खणून ठेवलं होतं. येणारा प्रत्येक जण पायाला लाल चिखल घेऊन येत होता. पुढचं दार अजून उघडलंच नव्हतं. फरशीवर बाकापर्यंत लाल ठसेच ठसे होते, आमचेही त्यातच. मखमलीवर मात्र लाल ठिपका नव्हता.

"चिखलातून आलेला माणूस बाकावर चढला," देवयानी मोठ्याने म्हणाली, "आणि बाकाला चिखल नाही. म्हणजे त्याने आधी बूट काढले."

"आणि पबमध्ये बूट कोण काढतं, डार्लिंग?"

बोलणारा क्रेग होता. रोव्हर्सच्या पाठीराख्यांचा अध्यक्ष, धंद्याने इलेक्ट्रिशियन, दारात मावणार नाही असा उंच. तो सकाळीच बिअरच्या कूलरचा फ्यूज बघायला येऊन गेला होता आणि आता नवा फ्यूज घेऊन परत आला होता.

मॉरीनची नजर खाली गेली, मग डगची, मग माझीही.

सिद्धार्थच्या पायांत बूट नव्हते. नुसते पांढरे मोजे होते.

३

"सकाळी फरशी पुसली होती मी!" सिद्धार्थ मला म्हणाला. "बूट चिखलाने भरले होते, धुऊन सिंकमध्ये ठेवलेत. अजून पाणी गळतंय त्यांतून. मग मोज्यांवरच तळघरात पाइप साफ करत होतो. काका, घरी नाही का आपण बूट काढत?"

"काढतो की," मी म्हटलं.

"हेच त्यांना हवं होतं. देवयानीने माझ्या गळ्यात आयतं बांधून दिलं."

देवयानी पलीकडे उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा उतरला होता. तिला एका जागी उभं राहवेना. ती बारच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारू लागली. माणसं जमायला लागायची वेळ होत आली होती.

"बाबा, चला," ती म्हणाली. "बोलूया सगळ्यांशी."

स्वयंपाकघरात मंजिरी बटाटेवडे तळत होती. मंजिरी कॅसल हिलला राहते, आयटीत आहे, आणि आमच्याकडच्या मराठी पाठीराख्यांची पुढारी तीच. मॅचच्या दिवशी पबात वडे असतात ते तिच्यामुळे. आता गोरेच जास्त खातात.

"आली का चौकशी माझ्यापर्यंत?" तिने झारा न थांबवता विचारलं. "विचार. आमच्या गणपतीच्या आरतीसाठी ही घंटा मागितली होती का? मागितली होती. क्रेगच्या कमिटीने नाही म्हटलं का? म्हटलं. रागावले का? भयंकर रागावले."

"मंजिरीताई, सकाळी तुम्ही मध्येच घरी गेला होतात?"

"चटणी विसरले होते. हा एवढा डबा घेऊन गेले आणि तोच घेऊन आले. मावते का त्यात घंटा? बघ ना, घालून बघ!" तिने रिकामा डबा देवयानीपुढे आपटला. घंटा त्यात मावली असती. मंजिरीच्याही ते लक्षात आलं आणि तिने डबा मुकाट्याने मागे ओढला.

मग हळू आवाजात म्हणाली, "देवयानी, खरं सांगू? सिद्धार्थचं काही वाकडं होईल असं मी कशाला करीन? गेल्या महिन्यात सभा झाली ना, पब बदलायचा का म्हणून? आम्ही सगळ्या मराठी लोकांनी हात वर करून नाही म्हटलं. तेवढ्यावर राहिला हा पब. क्रेगचं तोंड बघायला हवं होतंस." तिने कढईतला वडा उलटला. "काका, तो झेंडा परत सुटला बघा वाऱ्याने. तुम्ही मघाशी बांधलात तसा बांधता का? माझा हात काही तिथे पोचायचा नाही."

मी दारावरचा निळा-पिवळा झेंडा पुन्हा बांधला.

डग मागच्या दारात सिगरेट पेटवायचा प्रयत्न करत होता. वारा पेटू देत नव्हता.

"बदलून कुठे जाणार होते सगळे?" देवयानीने त्याला विचारलं.

"मैदानाच्या शेजारी नवा बार झालाय. क्रेगच्या मेव्हण्याचा. चकचकीत आहे. संडासात गाणी लागतात." डगने काडी फेकून दिली. "आमचा पहिला पब बंद पडला तेव्हा घंटा माझ्या भावाने खांद्यावरून इथे आणली. दुसऱ्या शनिवारी सगळी गर्दी इथे. कुणी पत्ता विचारला नाही. घंटा जाते तिकडे रोव्हर्स जातात."

"तू म्हणाला होतास म्हणे, की घंटा घरी घेऊन जाईन."

"मी बरंच काही म्हणतो. सिड चांगला पोरगा आहे, पण पब परक्या हातात जाणार म्हटल्यावर मला झोप येईना. ते खरं आहे." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्याच वयाचा आहे मी, मेट. ह्या गुडघ्यांनी भावाच्या बाकावर चढून नाचू का?"

क्रेग कूलरपाशी गुडघ्यावर बसला होता. फ्यूज बसवून झाला होता आणि तो हातातल्या लहान ब्रशने जमिनीवर पडलेले वायरचे तुकडे गोळा करत होता.

"बघ," मॉरीन बारमागून म्हणाली. "इतकी वर्षं माझ्याकडे कामाला येतोय, एक कण मागे सोडला नाही कधी. माझा नवरा खिळा ठोकायचा तर मला अर्धा दिवस झाडू मारावा लागायचा."

"काय विचारायचंय?" क्रेग हसून म्हणाला. "सकाळी आलो, फ्यूज उडालेला बघितला, नवा आणायला दुकानात गेलो, परत आलो. घंटा तेव्हा होती का? लक्ष नाही गेलं. हे बघ, सिड मला आवडतो. पण तुम्हा लोकांना सगळंच आपलं करून घ्यायचं असतं. आधी वडे, मग बाकाला मखमल, मग घंटा."

"घंटा आम्ही घेतली असं वाटतं तुला?"

"बूट काढल्याचं तूच म्हणालीस, डार्लिंग. मी नाही."

बाहेर पहिलं गाणं ऐकू आलं. माणसं यायला लागली होती.

४

देवयानी बाकावर जाऊन बसली. लगेच उठली, पुन्हा बसली. मॉरीनने पुढचं दार उघडलं होतं. निळे-पिवळे स्कार्फ आत येत होते आणि येणारा प्रत्येक जण आधी भिंतीकडे बघत होता. बातमी आवाज न करता पसरली. गाणं आपोआप थांबलं.

सिद्धार्थ बिअर भरत होता. कुणी त्याच्याशी एरवीसारखी थट्टा करत नव्हतं. एक जण तर दुसऱ्या नळापाशी मॉरीन मोकळी होईपर्यंत थांबून राहिला. सिद्धार्थने ते पाहिलं.

रुचा जिन्यात उभी होती. "देवयानी," ती म्हणाली, "आम्ही सामान परत खाली आणायला घेऊ का? एकदा काय ते सांग."

देवयानीने मान खाली घातली. बाकावर तिचा हात टेकला होता. तिने हात उचलला आणि तळव्याकडे बघत राहिली. तळव्याला हिरवट चुना लागला होता.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी नखाने जरासं टोकरलं तर एवढा चुना पडला. आणि मखमलीतून तो निघत नाही."

"हो, मघाशी बघितलं मी."

"मग त्याने दोन मोठे स्क्रू काढले, लोखंडी आकडा भिंतीतून उपसला. तेव्हाचा चुना कुठंय?"

मी बाक बघितला. तिने सांडलेल्या डागाशिवाय मखमल स्वच्छ होती.

ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "क्रेग, पोलिसांना बोलवायला लागेल असं दिसतंय. तोवर बाकाला कुणाचा हात लागायला नको. तुझ्याकडे झाकायला काही आहे का? काम करताना खाली अंथरतोस ना, तसं जाड कापड?"

क्रेगचा हात ब्रशवरच राहिला. सगळा पब त्याच्याकडे बघत होता.

"आहे ना," तो म्हणाला. "नो वरीज. आणतो."

५

तो अंगणातल्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या त्याच्या गाडीतून, कापड घेऊन आला. देवयानीने ते हातात घेतलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं, कोरं करकरीत. पिशवीचं तोंडही फोडलेलं नव्हतं.

"हे नवं आहे," ती म्हणाली. "तुझं रोजचं?"

"धुवायला टाकलंय."

डगला हसू फुटलं. मोठ्याने, एकदाच. "मी आयुष्यभर विटा रचल्या, मेट. अंथरायचं कापड धुणारा माणूस बघितला नाही अजून."

क्रेग हसला नाही.

"मी सकाळी चुकले," देवयानी म्हणाली. "चढायच्या आधी मी बूट काढले, म्हणून मला वाटलं चोरानेही काढले असतील. आमच्या पायांना ती सवय आहे. बूट काढले तर चिखल लागत नाही, हे बरोबर. पण वरून चुना पडतो तो बूट काढल्याने कसा थांबेल? इथे चिखलही नाही आणि चुनाही नाही. म्हणजे बाकावर काहीतरी अंथरलं होतं. तो बूट घालूनच चढला."



"चोराला घाई असते," ती पुढे म्हणाली. "दुसऱ्याच्या मखमलीची काळजी तो करत नाही. हे मुद्दाम केलेलं नाही, हाताने आपोआप केलंय. ज्याला रोज लोकांच्या घरात भिंती फोडायच्या असतात तो भिंतीला हात लावायच्या आधी कापड अंथरतो."

"सिडची मखमल आहे," क्रेग म्हणाला. "तोच जपेल तिला. त्यानेच अंथरलं असेल."

"हो, हे माझ्याही मनात आलं. मग ते कापड कुठंय? पबात टेबलांवर कापडं नसतात, बार पुसायची फडकी हातभर. मॉरीनने सकाळी रुचाच्या खोक्यांपर्यंत सगळं उघडलं. घंटाही नाही आणि तसं कापडही नाही. दोन्ही बाहेर गेलं. पुढचं दार बंद होतं, म्हणजे गेलं ते अंगणातून." तिने सिद्धार्थच्या पायांकडे बोट केलं. "मॉरीन आंघोळीला गेली तेव्हाच त्याचे बूट धुऊन सिंकमध्ये निथळत होते, आणि मोजे बघा. पांढरे. मोज्यांवर अंगणात एक पाऊल टाकलं असतं तरी लाल झाले असते. त्यानंतर तो बाहेर गेलाच नाही. डग आमच्या डोळ्यांदेखत आत आला आणि तिथेच उभा राहिला."

"मी गेले होते बाहेर," मंजिरी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"गेला होतात. पण बाकावर चढून माझंच बोट चवड्यांवर कसंबसं पोचलं, आणि तुम्ही माझ्या खांद्याला लागता. झेंडासुद्धा बाबांकडून बांधून घेता. उरलं कोण? जो सकाळी आला, बाहेर गेला, परत आला, ज्याचा हात पोचतो आणि ज्याचं रोजचं कापड आज सापडत नाहीये."

क्रेग म्हणाला, "माझी गाडी कुणी उघडणार नाही. पोलीस आले तर बघू."

डग त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. तो क्रेगच्या छातीपर्यंत पोचत होता. त्याने हात पुढे केला.

"किल्ली, क्रेग."

क्रेगने त्याच्या उघड्या तळव्याकडे बघितलं. मग खिशात हात घातला.

आम्ही सगळे अंगणात गेलो. चिखलात पाय रुतत होते, वारा टोप्या उडवत होता. यूटच्या सीटमागे गुंडाळी होती. डगने ती सोडली. जाड कापडावर दोन मोठे लाल बुटांचे ठसे होते आणि घड्यांमध्ये हिरवट चुन्याचे पापुद्रे अडकले होते. मध्ये घंटा होती. वाजू नये म्हणून तिची जीभ वायरच्या काळ्या टेपने बांधून टाकली होती. डगने नखाने ती टेप सोडवायला घेतली.

"आज रात्री नव्या बारमध्ये लावणार होतो," क्रेग म्हणाला. "दोन शिव्या दिल्या असत्या सगळ्यांनी आणि मग तिथेच बसले असते. सभेत हरलो तरी रोव्हर्सच्याच भल्याचं होतं ते. कुणाचं काही नुकसान होणार नव्हतं."

"आणि माझं?" सिद्धार्थने विचारलं. तो मोज्यांवरच चिखलात येऊन उभा राहिला होता.

क्रेगने त्याच्याकडे बघितलं.

"तुझा मी विचारच केला नव्हता, मेट," तो म्हणाला.

६

घंटा क्रेगनेच परत लावली. त्याने कापड अंथरलं तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली, पण हसलं कुणी नाही. डग शेवटपर्यंत शेजारी उभा होता.

मग मॉरीनने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि सगळ्यांसमोर बारवर ठेवला. "सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? घे, सिड."

सिद्धार्थने जुडग्याला हात लावला नाही. "मॉरीन, मी सात वर्षं इथे आहे."

"मला माहीत आहे."

"मग सकाळी का नव्हतं माहीत?"

मॉरीनला माफी मागता येत नाही हे सगळ्या पबाला ठाऊक आहे. ती बारचा कठडा पुसू लागली. पुसलेलीच जागा पुन्हा पुसू लागली. शेवटी म्हणाली, "सकाळी मी घाबरले होते. माणूस घाबरला की जवळच्यालाच धरतो. वाईट केलं मी."

रुचा जिन्यातून खाली उतरली. "वरची खोकी तुम्हीच फाडलीत," ती मॉरीनला म्हणाली. "ती तुम्हीच नीट लावून द्यायची."

"देते, लव्ह."

सिद्धार्थने किल्ल्या उचलल्या. तळहातावर जरा तोलल्या.

"म्हणजे आत्तापासून पब मी चालवतो?"

"आत्तापासून."

"मग आज मला सुट्टी," तो म्हणाला. "बार तू सांभाळ. क्रेगला दारू वाढता येणार नाही, दारू वाढायच्या परवान्याचं कार्ड त्याच्याकडे नाही. पण ग्लास उचलायला कार्ड लागत नाही." त्याने ओलं फडकं क्रेगच्या हातात दिलं. "मॅच संपेपर्यंत. प्रत्येक टेबलापाशी जायचं आणि कुणी काय विचारलं तर उत्तर द्यायचं. ते झालं की तुझं तू बघ, माझी पोलिसांत तक्रार नाही."

क्रेगने डगकडे बघितलं. डगने खांदे उडवले. क्रेग पहिल्या टेबलाकडे गेला. तिथल्या बाईने त्याला ग्लास उचलू दिला नाही. आधी त्याला समोर उभं केलं आणि विचारायला सुरुवात केली.

"तू निघालास कुठे?" मॉरीन ओरडली. "मॅचचा दिवस आहे!"

"मॅचलाच," सिद्धार्थ म्हणाला. "सात वर्षांत एक मॅच बघितलेली नाही मी. मॅच असली की मी इथे असतो."

त्याने सिंकमधले ओले बूट चढवले आणि आम्ही निघालो. सिद्धार्थ, रुचा, देवयानी, वड्यांचा डबा घेतलेली मंजिरी आणि मी. गाणी म्हणणारी गर्दी पुढे होती. सिद्धार्थला त्यातलं प्रत्येक गाणं पाठ होतं, कारण ती सगळी त्याने बारमागून ऐकली होती. कुणी मागे वळून त्याच्या गळ्यात स्कार्फ टाकला. देवयानी त्याच्या शेजारून चालत होती.

"सकाळी मी तुला अडकवलं," ती म्हणाली.

"सोडवलंस पण तूच. आता गप्प चाल. नाहीतर वडा घे."

मैदानावर वारा आणखी जोराचा होता. खेळाडू बाहेर आले तसा सिद्धार्थ कठड्यावर रेलून मला सांगू लागला. हा लाल केसांचा, तो फक्त जिंजर बिअर पितो. तो गोलकीपर, त्याला बायकोचा फोन आला की तो बाहेर जाऊन बोलतो. सगळे त्याला घरच्यासारखे माहीत होते. शिट्टी वाजली. खेळ सुरू झाला आणि तो गोंधळून इकडेतिकडे बघू लागला.

"काका," त्याने कानाशी येऊन हळूच विचारलं, "आपल्याला कुठल्या बाजूला गोल मारायचाय?"

मी बोट दाखवलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर मॉरीनचं नाव होतं. त्याचा अंगठा सवयीने बटणाकडे गेला, तिथेच थांबला. मग त्याने फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा मैदानाकडे वळला. मी तो खिशात टाकला. हाफ टाइमपर्यंत तो माझ्या मांडीवर थरथरत होता.